खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी प्रोटीन स्किमर कसा निवडावा? (फेसातून शिकलेला धडा)



आमची शाळा समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे विज्ञान प्रयोगशाळेत गोड्या पाण्यातल्या गप्पी माशांऐवजी समुद्री मासे ठेवावेत असं मुलांनाच वाटलं. पालकांनी वर्गणी काढली, काच आणली, १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी टाकी उभी राहिली. दोन क्लाउनफिश आणि तीन डॅमसेल आले. विक्रेत्याने "प्रोटीन स्किमर घ्या" असं सांगितलं होतं. मी म्हटलं, आधीच इतका खर्च झालाय, हे श्रीमंती चोचले कशाला? साधा फिल्टर आहे की!

दिवाळीच्या सुट्टीत शिपाईमामा रोज येऊन खाद्य घालत होते. मासे उपाशी राहू नयेत म्हणून प्रेमाने थोडं जास्तच घालत होते. किती घालायचं हे मी त्यांना मोजून दिलंच नव्हतं, तेव्हा चूक माझीच. शाळा उघडली तेव्हा पाचपैकी चार मासे मेलेले होते. सातवीतली एक मुलगी टाकीकडे बघत म्हणाली, "बाई, पाणी तर स्वच्छ दिसत होतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी स्किमरपर्यंत पोहोचले. पुढे दोन वेळा निवडीत चुकलेही. तुमच्या शाळेत किंवा घरी खाऱ्या पाण्याची टाकी करायचा विचार असेल तर माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत, म्हणून हा लेख.

स्वच्छ दिसणारं पाणी आणि स्वच्छ पाणी

माशांचं उरलेलं खाद्य, विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत स्राव, शेवाळातून पाझरणारे पदार्थ या सगळ्यांतून प्रथिनं आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळतात. विरघळले की ते डोळ्यांना दिसत नाहीत. साखर विरघळलेलं पाणी दिसायला साधंच असतं ना, तसंच. पुढे जिवाणू हे पदार्थ कुजवतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. मासे कल्ल्यांवाटेही अमोनिया सोडतच असतात. अमोनिया अगदी थोडा असला तरी माशांना विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पण साठत गेलं की शेवाळ माजतं.

कुजवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. खाद्य जास्त पडलं की जिवाणू वाढतात, ऑक्सिजन संपवतात आणि वर अमोनियाही वाढतो. आमच्या टाकीत नऊ दिवसांत हेच घडलं असणार. साधा फिल्टर कचरा अडवतो, पण अडवलेला कचरा पाण्यातच राहतो आणि तिथेच कुजतो. घरातला केर सुपलीत भरून सुपली कोपऱ्यात ठेवून द्यावी, असाच हा प्रकार.

स्किमरचं वेगळेपण इथे आहे. तो सेंद्रिय पदार्थ कुजण्याच्या आधीच पाण्याबाहेर काढतो.

फेस काम कसं करतो?

तूरडाळ शिजताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना वर आलेली मळी झाऱ्याने काढतात. स्किमर म्हणजे न उकळता, फक्त हवेच्या बुडबुड्यांनी मळी काढणारं यंत्र.

प्रथिनांच्या रेणूचा काही भाग पाण्याला जवळ करतो, तर काही भाग पाण्यापासून दूर पळतो. साबणाचा रेणू शिकवताना आपण फळ्यावर डोकं आणि शेपटी काढतो, ते आठवा. असा रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. मग असा पृष्ठभाग जितका जास्त, तितके जास्त रेणू पकडता येतील. बारीक बुडबुडे याच कामाला येतात. एक मोठा बुडबुडा फोडून, व्यास दहापट लहान असलेले बुडबुडे केले तर तेवढ्याच हवेला एकूण दहापट पृष्ठभाग मिळतो. (नववी-दहावीच्या मुलांना गोलाचं पृष्ठफळ आणि घनफळ वापरून हे सिद्ध करायला सांगा. छान उदाहरण होतं.)

स्किमरच्या नळकांड्यात असंख्य बारीक बुडबुडे सोडले जातात. ते वर चढताना प्रथिनं गोळा करतात. वरच्या अरुंद गळ्यात दाट फेस होतो, तो हळूहळू वर सरकतो आणि कपात पडून त्याचं तपकिरी, उग्र वासाचं पाणी होतं. कप ओतून टाकला की घाण कायमची बाहेर.

गोड्या पाण्यात हे का चालत नाही? कारण गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भिडले की एक होतात आणि मोठे बनतात. समुद्राच्या पाण्यात साधारण एका लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि क्षारांमुळे बुडबुडे सहजासहजी एक होत नाहीत, बारीकच राहतात. म्हणून घरच्या गोल्डफिशच्या टाकीला स्किमर लावून उपयोग नाही. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या किनाऱ्यावर पिवळसर फेस साचलेला आपण बघतो. समुद्रही लाटांनी हेच काम करत असतो.

स्किमर काय करत नाही?

हे आधी स्पष्ट असलेलं बरं, म्हणजे अपेक्षा चुकत नाहीत.

- तयार झालेला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तो काढत नाही. ते काम जिवाणूंचं आणि पाणी बदलण्याचं.
- क्षार कमी-जास्त करत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरावं लागतं.
- जास्त खाद्य घालायचा परवाना देत नाही.

पण एक जास्तीचा फायदा देतो. इतकी हवा पाण्यात घुसळली गेल्याने ऑक्सिजन चांगला मिसळतो. आमच्याकडे स्किमर असता तर चारही मासे वाचले असते का? खरं सांगायचं तर खात्री देता येणार नाही. खाद्यच इतकं होतं. पण घाणीचा काही भाग बाहेर गेला असता आणि ऑक्सिजन टिकला असता. थोडक्यात, वेळ मिळाला असता.

निवड करताना: पायरी पायरीने

१) मुळात गरज आहे का?
टाकी १०० लिटरच्या आतली असेल, एक-दोनच लहान मासे असतील आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी नेमाने बदलणार असाल, तर स्किमरशिवाय चालतं. पैसे वाचवा आणि त्यातून क्षारता मोजायचं चांगलं उपकरण घ्या. शाळेची गोष्ट वेगळी. मे महिना, दिवाळी, परीक्षा यांत पाणी बदलण्याचा नेम मोडतोच. म्हणून शाळेच्या मध्यम किंवा मोठ्या टाकीला स्किमर असावा, असं माझं मत झालं आहे.

२) पाणी खरोखर किती आहे?
मुलांना हे गणित करायला द्या. आमची टाकी १२० × ४५ × ४५ = २,४३,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २४३ लिटर. पण वरचे ४ सेंटिमीटर रिकामे, म्हणून १२० × ४५ × ४१, म्हणजे सुमारे २२१ लिटर. खडक आणि वाळूने अंदाजे ३० लिटरची जागा अडवली. उरले १९० लिटर. टाकीच्या खाली कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत (हिला संप म्हणतात) ४० लिटर. एकूण २३० लिटर.

३) त्या पाण्यावर भार किती आहे?
२३० लिटरमध्ये पाच लहान मासे आणि २३० लिटरमध्ये पंधरा खादाड मासे, या दोन वेगळ्या टाक्या आहेत. स्किमर लिटर बघून काम करत नाही, घाण बघून करतो. खोक्यावर "इतक्या लिटरपर्यंत" असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुधा मोजक्याच माशांच्या टाकीसाठी धरलेला असतो. म्हणून ढोबळ हिशोब असा: मासे कमी असतील तर खोक्यावरचा आकडा आपल्या पाण्याच्या दीडपटीच्या आसपास असावा, मासे जास्त असतील तर दुप्पट.

"मग सगळ्यात मोठाच घेतला तर?" हीच माझी दुसरी चूक. मासे मेल्याची बोच मनात होती, म्हणून १००० लिटरचा स्किमर आणला. दीड महिना झाला तरी कप कोरडाच. यंत्र बिघडलं असं समजून परत करायला निघाले होते. यंत्र ठीक होतं. त्याचं नळकांडं आणि गळा एवढा रुंद होता की आमच्या पाच माशांच्या घाणीतून तो गळा भरेल इतका दाट फेसच होत नव्हता. फेस थोडा चढायचा आणि फुटून खाली यायचा. दहा माणसांच्या पातेल्यात एक वाटी डाळ शिजवली तर पळीला फेस लागेल का? नंतर ओळखीच्या एका मत्स्यपालकाशी बदलून ३५० लिटरचा घेतला. आता आठवड्यात कप अर्धा भरतो.

४) बसवणार कुठे?
तीन प्रकार मिळतात. संपमध्ये उभा राहणारा, टाकीच्या मागच्या काचेवर लटकणारा आणि टाकीच्या आतच बसणारा लहान. संप असेल तर पहिला प्रकार सगळ्यात चांगला. सांडलं तरी पाणी संपमध्ये पडतं आणि टाकीचं रूपही बिघडत नाही. संप नसेल तर लटकणारा घ्या, पण टाकी भिंतीला चिकटवून ठेवली असेल तर मागे जागा उरत नाही. हे आधीच मोजा.

कपाटाची आतली उंची मोजताना नुसती स्किमरची उंची धरू नका. कप वर उचलून बाहेर काढायला लागणारी जागाही धरा. कप काढताना तो कपाटाला अडकला तर कोणीही तो वेळेवर धुणार नाही, हा माझा मुलांचाच काय, मोठ्यांचाही अनुभव आहे!

संपमधल्या पाण्याची खोली हाही महत्त्वाचा मुद्दा. प्रत्येक स्किमरला ठरावीक खोली लागते, बऱ्याच स्किमरना १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान. ती माहितीपत्रकात दिलेली असते. पाणी जास्त खोल झालं की फेस पातळ होऊन कप भसाभस भरतो, उथळ झालं की फेस कपापर्यंत पोहोचतच नाही. आपल्या संपची पातळी जास्त असेल तर खाली स्टँड द्यावा. पातळी दिवसभर स्थिर राहील असा कप्पा निवडावा.

५) बुडबुडे तयार कसे होतात?
- एअर पंप आणि लाकडी एअरस्टोन: स्वस्त, बुडबुडे बारीक. पण लाकूड काही आठवड्यांत बुजतं आणि बदलावं लागतं.
- व्हेंच्युरी: पंपाचं पाणी अरुंद नळीतून वेगाने जातं, तिथे दाब कमी होऊन हवा आत ओढली जाते. पंपाला जोर जास्त लागतो.
- नीडल व्हील: पंपाच्या फिरत्या चाकाला बारीक सुयांसारखे दाते असतात, ते हवेच्या ठिकऱ्या उडवतात. आज बहुतेक चांगले स्किमर याच प्रकारचे. विजेच्या मानाने हवा भरपूर ओढतात.

शाळेसाठी मी नीडल व्हीलच सुचवेन. मात्र ते चाक आणि पंप सुटा मिळतो का, हे दुकानात आधी विचारा. सुटा भाग मिळत नसेल तर एका छोट्या चाकापायी सगळा स्किमर भंगारात जातो.

६) वीज आणि आवाज
स्किमर चोवीस तास चालतो. १५ वॅटचा पंप दिवसाला ०.३६ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट वीज घेतो. ४० वॅटचा घेतलात तर जवळजवळ २९ युनिट. खरेदीच्या किमतीबरोबर हाही हिशोब मांडा. वर्गाच्या आत टाकी असेल तर दुकानात तो चालू करून आवाज ऐका. हवा ओढण्याचा "सुर्रर्र" आवाज फळ्याजवळ फार जाणवतो.

आणि आपल्याकडचा मुद्दा म्हणजे लाईट जाणं. लाईट गेली की वरच्या टाकीतलं काही पाणी संपमध्ये उतरतं, पातळी वाढते. लाईट आल्यावर स्किमर त्या वाढलेल्या पातळीतच सुरू होतो आणि काही मिनिटं कप भरून वाहू शकतो. म्हणून कपाला तळाशी नळी जोडायची सोय आहे का ते बघा. ती नळी झाकणाला भोक असलेल्या डब्यात सोडावी. शाळेत रात्री कोणी नसतं, तेव्हा ही सोय लाखमोलाची आहे.

आणल्यानंतर

नवा स्किमर पहिल्याच दिवशी नीट चालेल अशी अपेक्षा नको. नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाऊन फेस स्थिर व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर रोज स्क्रू पिळत बसू नये. बदल करायचाच तर थोडासा करावा आणि एक दिवस थांबावं.

फेस अचानक बसला तर आधी आठवा, टाकीत कोणी हात घातला होता का? हाताचं तेल किंवा क्रीम, तेलकट खाद्य यांनी फेस मोडतो. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत तो परत येतो. उलट साबणाचा अंश गेला तर फेस उसळून वाहतो. आमच्याकडे टाकीची बादली वेगळी आहे, तिच्यावर लाल रंगाने "साबण नको" असं लिहिलंय.

कप आणि गळा आठवड्यातून एकदा तरी धुवा. गळ्याला आतून चिकट थर बसला की फेस वर चढत नाही. दोन-तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगर आणि पाण्यात काही तास ठेवावा, म्हणजे चाकावर बसलेला चुन्याचा थर निघतो. माशांना औषध द्यायची वेळ आली तर माहितीपत्रक वाचा. बऱ्याच औषधांच्या वेळी स्किमर बंद ठेवायला सांगतात, पण मग ऑक्सिजनसाठी एअरस्टोन चालू ठेवायला विसरू नका.

वर्गात करून बघा

दोन पारदर्शक बरण्यांत एकेक लिटर पाणी घ्या. एकीत ३५ ग्रॅम मीठ (साधारण दोन मोठे चमचे) विरघळवा. दोन्हींत सारखाच एअरस्टोन सोडा. साध्या पाण्यात बुडबुडे मोठे आणि मोकळे दिसतील, मिठाच्या पाण्यात बारीक आणि पाणी दुधाळ दिसेल. आता दोन्हींत डाळ शिजवलेलं गाळलेलं पाणी चार चमचे घाला. फेस कुठे टिकतो ते मुलांना नोंदवू द्या. शेवटी तेलाचा एक थेंब टाका आणि फेसाचं काय होतं ते बघा. खर्च जवळजवळ शून्य, आणि स्किमर विकत घेण्याआधीच तो मुलांना कळलेला असतो.

एक महत्त्वाची सूचना. किनाऱ्यावरून किंवा खडकांतून प्रवाळ किंवा समुद्रघोडे आणून टाकीत ठेवू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे. मासे घेताना हॅचरीत वाढवलेले मागा. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन यशस्वी केलेलं आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला मासा टाकीत अधिक चांगला रुळतो.

आमच्या टाकीत आता पुन्हा पाच मासे आहेत. त्यातला एक त्या दिवाळीत वाचलेला. सुट्टीच्या आधी खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून, तारखा घालून शिपाईमामांकडे दिल्या जातात. कप धुण्याची पाळी मुलांनी आपसात वाटून घेतली आहे. पहिल्यांदा कप भरला तेव्हा सगळ्यांनी नाकं दाबली. प्रश्न विचारणारी ती मुलगी मात्र कप हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, म्हणजे हे सगळं त्या स्वच्छ पाण्यातच होतं."

तिचं उत्तर तिला मिळालं होतं. मला ते शिकवावं लागलं नाही.

तुमच्या शाळेत असा प्रयोग झाला असेल तर तुमचेही अनुभव जरूर सांगा.